लग्न होईपर्यंत पुलाचं नाव नाही

३ मार्च

व्याहीबुवांना नमस्कार.

घरी पोचले. डब्यात बांधून दिलेला केक गाडीत खाल्ला. मोडलेला असला तरी चव चांगली होती. तुमच्या चिरंजीवांना तसं सांगा.

मुलांचं लग्न ठरल्याच्या जेवणात जे झालं, त्यातली थोडी चूक माझी. त्याने स्वतः भाजून आणलेला केक मी दोन सुऱ्यांवर ठेवून, ‘हा माझा डेक आणि हे तुमचे गर्डर’, असं दाखवायला नको होतं. पण मी त्यावर बिस्किटांचा चुरा घातला तो खडी म्हणून, आणि बेताने. साखरेचं आख्खं भांडं त्यावर उलटं करून, ‘आणि हे तुमचं खरं वजन’, असं तुम्ही म्हणालात. केक मधोमध बसला तो त्यानंतर.

मुलीने आज निकाल सांगितला. लग्न होईपर्यंत आपण दोघांनी भेटायचं नाही, फोन करायचा नाही. पत्र चालेल, पण लग्नाच्या तयारीपुरतं, आणि माझं पत्र ती वाचल्यावरच पाकिटात जाईल. तुमचं तुमच्या सौभाग्यवती वाचतील. पुन्हा पुलावरून भांडलो, तर ती दोघं नोंदणी कचेरीत जाऊन सह्या करतील आणि आपल्याला नंतर कळवतील.

मी म्हटलं, “अगं, पूल एकच आहे. खालचे पोलादी गर्डर ते करताहेत, त्यांवरचा डेक मी करतेय. बोलल्याशिवाय कसं व्हायचं?”

“ऑफिसचं ऑफिसमधून जाऊ दे. रेल्वेची एक आख्खी कचेरी तुमच्या दोघांच्या मधे बसली आहे ना?”

दातांची डॉक्टर आहे. समोरच्याचं तोंड उघडं असताना प्रश्न विचारायची तिला सवय आहे. उत्तराची ती वाट बघत नाही.

तिच्या परवानगीने शेवटचं एकदा लिहिते. मी त्या पुलाखालून रोज कामाला जाते. जुना डेक म्हणजे गर्डरवर आडवे टाकलेले स्लीपर आणि मधे फटी. कालव्याकाठच्या रस्त्यावर, कडक उन्हात, गाडी आली की माणसं छत्र्या उघडतात. वरून काय पडेल याचा नेम नसतो. म्हणून मला खालून बंद डेक हवा: काँक्रीटचं लांब ताट, त्यात खडी, खडीत स्लीपर. तो जड आहे हे मला माहीत आहे. तुमचं म्हणणं, खालून ट्रक जातात म्हणून गर्डरची उंची वाढवता येत नाही, आणि माझं ताट पेलायचं तर पत्रा जाड करत जावं लागेल. तुमचंही खोटं नाही. झालं. संपलं.

तिचे वडील नाहीत, त्यामुळे आमच्या बाजूने भांडायचं मीच आणि समजूत काढायचीही मीच. त्यातलं पहिलं मला जास्त जमतं. पण मला तिच्या लग्नाला हजर राहायचं आहे.

हॉल दोन पाहिलेत. एकाला खांब फार आहेत. दुसऱ्याला एकही नाही, तो बघून मला झोप लागली नाही. तुमचं मत कळवा.

तुमची
विहीण

(वाचलं. ‘शेवटचं एकदा’ हे शेवटचं. — कन्या)


९ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

भांडं आख्खं नव्हतं. अर्धं होतं. हे वाक्य साखरेबद्दल आहे की दुसऱ्या कशाबद्दल, ते तुमच्या कन्येने ठरवावं.

निकाल आम्हाला मान्य आहे. चिरंजीवांनीही फोनवर तोच सुनावला, फक्त जास्त नम्रपणे. बेकरीवाल्याला गिऱ्हाइकाशी गोड बोलावंच लागतं. तो लोकांचे दात किडवतो आणि तुमची कन्या ते दुरुस्त करते, तेव्हा संसार नीट चालेल यात मला शंका नाही. शंका आपल्या दोघांबद्दल आहे.

मी तुमच्यापेक्षा एक पाऊल पुढे गेलो आहे. तुमच्याकडून रेल्वेच्या कचेरीमार्फत जे नकाशे येतील ते मी उघडणारच नाही. उघडले की मला बोलावंसं वाटेल. बोललो की लग्नाला मुकलो. म्हणून माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सांगून ठेवलं आहे, त्या तपासतील. त्या शांत स्वभावाच्या आहेत.

ही म्हणते, चाळीस वर्षं मी सांगतेय की ऑफिस घरी आणू नका, ते यांनी कधी ऐकलं नाही. सुनेने एका जेवणात ऐकायला लावलं.

बिनखांबाचा हॉल घ्या. छत कशावर उभं आहे ते मी येऊन बघेन.

आपला
व्याही

(वाचलं. भांड्याबद्दल ते खोटं बोलताहेत. आख्खं होतं. भरून मीच ठेवलं होतं. — सौ.)


२१ मे

व्याहीबुवा,

हॉल घेतला. २० ऑक्टोबर. मालकाला छताचा नकाशा मागितला, तर तो म्हणाला, “बाई, तुम्ही लग्न करायला आलात की पाडायला?”

पाहुण्यांचा आकडा कळवा. आमच्याकडून फार नाहीत. माझ्या ऑफिसातले सगळे येतो म्हणतात, कारण आपल्या दोघांना एका ठिकाणी बघायची त्यांना उत्सुकता आहे.

एक सांगायचं राहिलं.

▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬
▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬
▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬

वरच्या तीन ओळी मुलीने खोडल्या. मी म्हटलं, “अगं, यात भांडण नाही. चांगलं आहे. वाच तरी.” ती म्हणाली, “पहिला शब्द डेक आहे. पुढचं वाचायची गरज नाही.” असो. नकाशा कचेरीतून तुमच्याकडे जाईलच. लग्नानंतर तुम्ही माझे आभार मानाल, एवढं लिहून ठेवते. हे वाक्य तिने राहू दिलं, कारण तिला ते आहेराबद्दल वाटलं.

केकचं काय करायचं? चिरंजीव म्हणतात, या वेळी एकच थर.

तुमची
विहीण


२८ मे

विहीणबाई,

खोडलेल्या ओळी दिव्यासमोर धरून बघितल्या. पाठीमागून बघितल्या. दातांच्या डॉक्टरांचं पेन चांगलं असतं, काही दिसत नाही. मी भिंग शोधत होतो तेवढ्यात ही आली. म्हणाली, खोडलेलं वाचणं म्हणजे नियम मोडणंच. भिंग आता तिच्याकडे आहे.

तुम्ही आभाराचं लिहिलंत म्हणून मीही एक लिहितो. माझ्याकडूनही तुम्हाला एक भेट आहे. काय ते विचारू नका. मी एका बाबतीत तुमचं सगळं म्हणणं ऐकलं आहे, कुरकुर न करता, आणि ते वर्कशॉपमधे तयारही झालं आहे. लग्नाच्या दिवशी सांगेन.

आपण दोघं समजूतदार होत चाललो आहोत. हिला हे लक्षण बरं वाटत नाही.

शेजारच्या टेबलावरच्या बाई परवा म्हणाल्या, “साहेब, तुमच्या विहीणबाईंचा नवा नकाशा आला.” मी कानावर हात ठेवले. त्यांनी तपासून, सगळं सुरक्षित आहे, काळजी नको, असं खुणेने सांगितलं आणि शिक्का मारला. मीही खुणेनेच बरं म्हटलं. पलीकडच्या टेबलावरचे लोक आमच्याकडे बघत होते.

आमच्याकडून तेवीस माणसं. त्यात एक मामा आहेत, ते कुठेही गेले की झोपतात. त्यांना भिंतीकडची खुर्ची.

आपला
व्याही

(एकच थर बरा. — सौ.)


२ सप्टेंबर

व्याहीबुवा,

हे पत्र मुलीने वाचलेलं नाही. मी ते स्वतः पेटीत टाकणार आहे. तुम्हीही सौभाग्यवतींना दाखवू नका.

नवा पूल जुन्याच्या शेजारी बांधून तयार आहे. २८ तारखेला गाड्या थांबवून तो जागेवर सरकवायचा, हे तुम्हाला माहीत आहे. तुमचे गर्डर आले तेव्हा मधोमध वर उचललेले होते. ते तसेच असायला हवेत. डेकचं वजन पडलं की खाली बसतात आणि सरळ होतात. काल डेक पूर्ण झाला, खडी पडली. मी कडेला उभी राहून डोळा लावला. मग मोजणीची दुर्बीण लावून घेतली. मधला भाग अजून दोन बोटं वर आहे. पूल सरळ झालाच नाही. भुवई उंचावून बसला आहे.

असाच सरकवला तर रुळांनाही तो उंचवटा येईल, आणि नव्या कोऱ्या पुलावरून प्रत्येक गाडी जन्मभर मुंगीच्या पावलाने जाईल. खाली रस्त्यावरून माणसं वर बघतील आणि विचारतील, हा कुणी केला.

तुमचा हिशेब चुकला, असं लिहायला बसले होते. अर्धं पान लिहिलंही. मग मनात एक शंका आली आणि ते पान फाडलं.

कोणत्या डेकचं वजन धरून तुम्ही गर्डरला वाक दिला?

तुमची
विहीण


४ सप्टेंबर

विहीणबाई,

तुमचा. काँक्रीटचा. पुरता जड. तीच माझी भेट होती. तुम्ही सांगितलेलं एकूण एक वजन मी मान्य केलं, पत्रा जाड केला, आणि तेवढ्याच वजनाने सरळ होईल असा गर्डर मधोमध वर उचलून बनवला. एक शब्द बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

तुमचं पत्र वाचून तुमचा नकाशा उघडला. मे महिन्यापासून तो माझ्या टेबलापासून चार हातांवर होता. तुम्ही काँक्रीटचं ताट काढून पोलादाचं घेतलं आहे. माझ्या गर्डरवरचं ओझं कमी व्हावं म्हणून. त्या खोडलेल्या तीन ओळी या होत्या, हे आता कळलं.

शेजारच्या बाईंचा दोष नाही. वजन कमी झालं, म्हणजे मोडायची भीती कमी झाली. त्यांनी तेवढंच बघितलं आणि ते बरोबर होतं. गर्डरला ओझं कमी पडेल, अशी तक्रार आजवर कुणी ऐकलेली नाही.

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की डेक हलका करा. ज्या दिवशी कुणी ऐकलं, त्या दिवशी मी कानावर हात ठेवले होते.

आता? कचेरीमार्फत विचारलं तर उत्तर यायला महिना. आपल्याला दोन दिवस एका टेबलाशी बसायला हवं, किंवा निदान फोनवर. बसलो तर भांडण होणार, हे मला आत्ताच दिसतंय. मग लग्न गेलं. मला एकच मुलगा आहे. हिने माझा नवा कोट शिवून आणलाय, तो दारामागे लटकतोय आणि मी येता-जाता त्याच्याकडे बघत नाही.

ही दारात उभी आहे. पत्र दाखवा म्हणतेय. दाखवतो.

आपला
व्याही

(वाचलं. मुलांना सांगून टाका. चोरून पूल होत नाही. — सौ.)


७ सप्टेंबर

व्याहीबुवा,

सांगितलं.

दवाखान्यात गेले. ती प्लास्टरचा जबडा हातात धरून कानशीने घासत होती. मी सगळं सांगितलं, नियम मोडून पत्र टाकलं तेही. तिने कानस खाली ठेवली.

“मी खोडल्या त्या ओळींत हे होतं?”

“मधल्या ओळीत.”

“मग तू दुसऱ्या दिवशी पुन्हा का नाही सांगितलंस?”

“तू नको म्हणाली होतीस.”

“आई, तू माझं कधीपासून ऐकायला लागलीस?”

मी म्हटलं, “दोन दिवसांची सूट दे. फक्त पुलापुरतं बोलू.”

“दोन दिवसांत तुम्ही केकवरून पुन्हा सुरू कराल. आणि नियमाला एकदा सूट दिली की तो नियम राहत नाही. रुळांचं तूच सांगतेस ना मला, थोडं चालवून घेऊ म्हणायचं नसतं म्हणून?”

“मग पूल तसाच जाऊ दे?”

तिने तो जबडा कपाटात ठेवला. मग म्हणाली, “नियम लग्न होईपर्यंत आहे. त्यानंतर काय वाटेल ते बोला.” आणि आतल्या खोलीत जाऊन तिने दार लावून चिरंजीवांना फोन केला. आवाज चढलेले ऐकू आले नाहीत. मला तेच जास्त काळजीचं वाटलं.

म्हणून फोन करत नाही. पूल वाकडा राहिला तर राहू दे. मुलगी एकुलती आहे. असं लिहितेय खरं, पण हात चालत नाहीये.

तुमची
विहीण


१२ सप्टेंबर

विहीणबाई,

तुमचं सातचं पत्र आज आलं. तोवर आपण फोनवर चारदा भांडून झालो आहोत, त्यामुळे ते वाचताना गंमत वाटली. तरी उत्तर देतो, कारण पुलाचं सगळं बोलून झालं आणि बाकीचं काहीच नाही.

परवा सकाळी ऑफिसात चिरंजीवांचा फोन आला.

“बाबा, लग्न झालं.”

“कुणाचं?”

“माझं. आत्ता, दहा वाजता. नोंदणीला लागणारे कागद आम्ही जुलैमधेच देऊन ठेवले होते. तुमच्या दोघांचा भरवसा नव्हता.”

मी उभा राहिलो. का ते माहीत नाही.

“रागावलात का आमच्यावर?” मी विचारलं.

“ती खोडलेल्या ओळींमुळे रात्रभर जागी होती. सूट द्यायची नाही असं तिचं ठाम होतं. मग सकाळी सातला बेकरीत आली आणि म्हणाली, पाव भट्टीत घालून ये, आपण लग्न करू, म्हणजे नियम संपेल. बाबा, आता तिच्या आईंना फोन लावा. अठ्ठावीस तारीख जवळ आलीय.”

मी लावला. तुम्ही उचललात. दोघांनाही नुकतंच कळलेलं. मला वाटलं, आता निदान अभिनंदन म्हणू. तुमचं पहिलं वाक्य होतं, “वजन किती कमी पडतंय?” आणि मी ते सांगितलंही. हे घरी सांगितल्यावर हिने माझ्याकडे असं बघितलं की मी ते वर्णन करत नाही.

पुलाच्या दोन्ही अंगांना फरश्यांची पायवाट काढून कमी पडणारं वजन भरायची तुमची कल्पना चांगली आहे. नगरपालिका इतकी वर्षं कालवा ओलांडायला वाट मागत होती, आणि रेल्वे म्हणत होती, पूल पेलणार नाही. आता पेलण्यापलीकडे पुलाला दुसरं काम नाही. पण मी पुन्हा सांगतो, दोन्ही बाजूंना सारखी. शाळकरी मुलांसाठी एका बाजूची रुंद आणि दुसरी अरुंद, हे चालणार नाही. पूल एका कुशीवर झोपेल.

कोट तसाच लटकतोय.

आपला
व्याही

(मी आता यांची पत्रं वाचत नाही. सून आली, काम संपलं. हे वाचलं ते शेवटचं. — सौ.)


५ ऑक्टोबर

व्याहीबुवा,

२८ तारखेला तुम्ही पलीकडच्या काठावर होतात आणि मी अलीकडच्या. मधे पूल सरकत होता, त्यामुळे काही बोलता आलं नाही. फोनवर आपण पुलाशिवाय काही बोलत नाही. म्हणून लिहिते.

पायवाटेच्या फरश्या बसल्यावर पुलाचा मधला भाग खाली आला. तो येताना काही दिसत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. दुर्बिणीवाल्याने एकदा मान हलवली, एवढंच. मी त्याला पुन्हा बघायला लावलं. त्याने पुन्हा मान हलवली. दोन्ही बाजूंच्या वाटा सारख्या आहेत. तुमचं बरोबर होतं, आणि हे मी लिहून देतेय, सौभाग्यवतींना दाखवून ठेवा.

पहिली गाडी पूर्ण वेगाने गेली. ती गेल्यावर लोक टाळ्या वाजवत होते आणि मला एकदम रडू आलं. शेजारचा कंत्राटदार म्हणाला, “बाई, झाला ना पूल सरळ, आता कशाला?” त्याला काय सांगणार, की मी पुलासाठी रडत नव्हते. पंचवीस वर्षं ज्या एका सकाळी हजर राहायचं मनात होतं, ती सकाळ मी घरी दाताखाली पेन्सिल धरून, वजनाची बेरीज करत घालवली. दहा वाजता मुलगी पाच मिनिटांच्या अंतरावर सही करत होती.

हॉल रद्द केलेला नाही. २० तारखेला जेवण आहे. कोट घाला. मामांची खुर्ची भिंतीकडेच आहे.

काल रात्री दोघं जेवायला आली होती. मी तिला विचारलं, सगळं विचारलं. नोंदणी कचेरीतल्या माणसाने विचारलं म्हणे, आई-वडील आले नाहीत का, तर चिरंजीव म्हणाले, “त्यांना आम्ही नंतर सांगणार आहोत. आधी कळलं तर ते वेगळीच चर्चा सुरू करतात.” साक्षीला बेकरीतले तिघे होते, कोपरापर्यंत पीठ. मी विचारलं, “आणि तू काय नेसली होतीस?”

“काही नेसले नव्हते. दवाखान्याचा पांढरा कोट होता. अकराला एकाची अक्कलदाढ काढायची होती.”

“अगं, अशी कुणी आपल्या लग्नाची तारीख पुलासाठी ठरवतं का?”

तिने पानातलं सगळं संपवलं, हात पुसला, आणि म्हणाली, “कुणाच्या पोटची आहे मी?”

तुमची
विहीण